उजवीकडचा खिसा

नाताळच्या सुमारास शाळाशाळांतून येशूजन्माची नाटिका करण्याचा परिपाठ फार जुना आहे. त्या नाटिकेत देवदूताला गोड गाणी असतात, मेंढपाळांना गमतीची भाषणे असतात, आणि हेरोद राजाला तर गर्जना करण्याची पुरेपूर संधी मिळते. परंतु योसेफाचे काम ज्या मुलाच्या वाट्यास येते, त्यास पाठांतराची यत्किंचितही चिंता नसते. हाती काठी घ्यावी, मरीयेच्या मागे उभे राहावे, आणि पडदा पडेपर्यंत उभेच राहावे, एवढेच त्याचे काम. म्हणूनच बहुधा वर्गातील उंच परंतु अबोल मुलगा ह्या कामासाठी निवडला जातो!

ह्यात नाटिका लिहिणाऱ्यांचा दोष नाही. चारही शुभवर्तमाने चाळून पाहिली तरी योसेफाच्या तोंडचा एकही शब्द त्यांत नमूद केलेला सापडत नाही. मत्तयाने त्याची जी हकीकत दिली आहे, तीत त्याला चार वेळा स्वप्नात आज्ञा होते, आणि चारही वेळा तो उत्तर न देता आज्ञेप्रमाणे वागतो. गर्भवती मरीयेला घेऊन तो नासरेथाहून बेथलेहेमास, म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर दूर, येतो. बाळाच्या जिवावर संकट येताच रातोरात मिसर देशाची वाट धरतो, आणि परत आल्यावर नासरेथात मुकाट्याने आपला सुतारकीचा धंदा करतो. लूकाने तर एक लहानशी गोष्ट टिपून ठेविली आहे. बाळाला मंदिरात नेल्यावर जे अर्पण करावयाचे ते कोकराचे असावे, परंतु ज्याची ऐपत नसेल त्याने दोन पक्षी दिले तरी चालतील, असा नियमशास्त्राचा दंडक होता. ह्या कुटुंबाच्या संबंधात लूक पक्ष्यांचाच उल्लेख करितो. त्यावरून योसेफाच्या मिळकतीचा अंदाज सुज्ञ वाचकांस सहज करता येईल.

'नाताळ' हा आपला शब्द पोर्तुगीजांच्या भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ जन्म असा आहे. जन्माच्या सणात माता व बालक ह्यांजकडे सर्वांची दृष्टी जावी, हे योग्यच होय. परंतु ह्या चित्राच्या एका कडेला, कंदिलाचा उजेड जेथे जेमतेम पोहोचतो तेथे, एक बाप उभा आहे. नाताळ आला म्हणजे माझी दृष्टी त्या कडेला जाते व तेथे मला माझे स्वतःचे वडील दिसू लागतात. त्यांजविषयी चार शब्द लिहावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आमच्या वडिलांना आम्ही भावंडे 'अण्णा' म्हणत असू. ते धंद्याने शिंपी होते. नगर शहरातील एका औद्योगिक शाळेत त्यांनी लहानपणी शिवणकाम शिकून घेतले आणि पुढे पारनेर तालुक्यातील आमच्या खेड्यात येऊन दुकान थाटले. दुकान म्हणजे घराची ओटी, व भांडवल म्हणजे एक जुने पायमशीन, एक कातर, एक कोळशाची इस्त्री आणि बोटातले अंगुस्तान. आरंभी गावातील कित्येक घरे त्यांजकडे कापड टाकण्यास कचरत. परंतु अण्णांची टीप सरळ व वायदा पक्का, अशी ख्याती हळूहळू झाली, आणि मग पाटलाच्या घरचे सदरेही आमच्या ओटीवर येऊ लागले.

डिसेंबर महिना हा आमच्या घरी अत्यंत धामधुमीचा असे. गावात व आसपासच्या वाड्यांवर ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ होती, आणि वर्षातून एकदा का होईना, नाताळास नवे कपडे करावयाचे, असा बहुतेकांचा रिवाज होता. आई एकीकडे करंज्या व शंकरपाळे ह्यांच्या तयारीत असे, दुसरीकडे तरुण मंडळी ढोलकी व टाळ घेऊन रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने बसवीत असत, आणि ह्या साऱ्या गजबजाटात अण्णांच्या मशीनचा एकसुरी आवाज उत्तररात्रीपर्यंत चालू राही. त्या आवाजाच्या सोबतीनेच आम्ही झोपत असू.

ह्या कामात अण्णांचा एक नियम होता. गिऱ्हाइकांचे कपडे आधी, आणि घरच्यांचे सर्वांच्या मागून. चोवीस तारखेच्या रात्री शेवटच्या गिऱ्हाइकाचे गाठोडे बांधून दिल्यावर ते आमच्या कपड्यांना हात घालीत. आम्ही झोपावयास जात असू तेव्हा खुंटीवर काहीही नसे. पहाटे उठून पाहावे, तो तेथे आमचे नवे कपडे इस्त्री होऊन टांगलेले असत आणि अण्णा आंघोळीचे पाणी तापवीत बसलेले असत. ते झोपले केव्हा, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारीत नसे.

त्यांचा स्वतःचा पोशाख मात्र एकच. लग्नात शिवलेला काळ्या सर्जेचा कोट ते दर नाताळास घालीत. कालांतराने त्याचा रंग उडून तो खांद्यांवर तांबूस दिसू लागला, तेव्हा अण्णांनी तो संपूर्ण उसवला आणि उलटवून पुन्हा शिवला. हल्लीच्या मुलांना ही गोष्ट ठाऊक असण्याचा संभव कमी, म्हणून खुलासा करिते. कापडाची बाहेरची बाजू उन्हाने विटते, परंतु आतली बाजू अस्तराखाली सुरक्षित राहते. सर्व शिवणी उसवून आतली बाजू बाहेर घेतली म्हणजे कोट जणू नवा होतो. पूर्वी गरिबांच्या घरीच काय, मध्यम स्थितीतील घरांतही कोट असे उलटवून घेत. मात्र ह्या युक्तीत एक गोष्ट लपविता येत नाही. कोटाच्या छातीवरचा खिसा कापडातच कापलेला असतो, आणि तो डावीकडचा खिसा उलटविल्यावर उजवीकडे जातो.

सर्व माणसांचा खिसा डावीकडे आणि आमच्या अण्णांचा तेवढा उजवीकडे, असे का, म्हणून मी एकदा त्यांस विचारिले. ते हसून म्हणाले, "बाळ, काळीज डावीकडे असते. पैशाचा खिसा त्यापासून जरा दूर असलेला बरा."

अशा रीतीने दिवस चालले असता १९७२ साल उजाडले. त्या सालाचे नाव काढिले म्हणजे आमच्या जिल्ह्यातील वृद्ध माणसे आजही क्षणभर गप्प होतात. आधीही पावसाने हात आखडता घेतला होताच, त्या वर्षी तर त्याने पाठच फिरविली. विहिरींनी तळ गाठला, दावणीची जनावरे मिळेल त्या किमतीस विकली गेली, आणि परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी रेशनच्या दुकानात घेऊन लोक दिवस काढू लागले. सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढिली. कोठे पाझर तलाव, कोठे नालाबांध, कोठे रस्ता, आणि रस्त्यासाठी खडी. मे १९७३ मध्ये सबंध महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. ह्याच अनुभवातून रोजगार हमीची कल्पना दृढ झाली, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला.

जेथे भाकरीची भ्रांत, तेथे नवे कापड कोण घेणार? दसऱ्यापूर्वीच आमच्या ओटीवरचे काम थांबले. अण्णांनी मशीनला तेल दिले, त्यावर जुने धोतर पांघरले, आणि ते खडी केंद्रावर जाऊ लागले. हे केंद्र आमच्या गावापासून आठ किलोमीटरवर होते. दिवसभर हातोडीने दगड फोडावे, फोडलेल्या खडीचा ढीग लावावा, आणि त्याचे माप होऊन ब्रासच्या हिशेबाने मजुरी मिळावी, असा तेथील क्रम. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ज्याच्या हातास सुईची सवय, त्याने हातोडीने शंभर घनफूट खडी फोडावी म्हणजे काय, हे वाचकांनीच मनात आणावे.

मी त्या वेळी अकरा वर्षांची होते. नगरच्या एका वसतिगृहात राहून सहाव्या इयत्तेत शिकत होते. शिक्षण व भोजन मिळून दरमहा काही रक्कम भरावी लागे. रक्कम आज ऐकून हसू येईल इतकी थोडी, परंतु खडीच्या ढिगात मोजू गेल्यास फार मोठी. त्या दिवसांत पुष्कळ मुली वसतिगृह सोडून घरी गेल्या. आमचे एक नातलग घरी येऊन अण्णांस सांगू लागले, की दुष्काळ सरेपर्यंत पोरीला घरी आणा. ती घरचे पाणी भरील, धाकट्यांना सांभाळील, म्हणजे तिची आईही केंद्रावर येऊ शकेल आणि घरात दोन मजुऱ्या येतील. शिवाय, मुलीच्या जातीला एवढे शिकवून करावयाचे तरी काय?

अण्णांनी त्यांस चहा दिला व एवढेच सांगितले, "दाजी, कापड एकदा बेतून कापले म्हणजे ते अर्धे ठेवता येत नाही. शिवून पुरेच करावे लागते."

त्या वर्षी माझी फी एक महिनाही चुकली नाही.

नाताळच्या सुट्टीत मी एस. टी. ने फाट्यावर उतरले, तेव्हा अण्णा मला नेण्यासाठी उभे होते. एरवी ते सायकल घेऊन येत आणि माझी पत्र्याची पेटी मागे बांधीत. त्या दिवशी सायकल नव्हती. त्यांनी पेटी खांद्यावर घेतली व आम्ही चालू लागलो. सायकल कोठे आहे, असे मी विचारिले, तेव्हा ते म्हणाले, "पायी गेले म्हणजे गाव नीट दिसते." खरोखरच त्यांनी मला वाटेने सारे दाखविले. कोणती विहीर अजून पाझरते, कोणत्या लिंबाला पालवी टिकली आहे, नव्या रस्त्याची खडी कोठवर आली आहे, हे सर्व सांगत ते पाच किलोमीटर चालले. त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटे चिंध्यांनी बांधलेली होती. दगड धरून दुसऱ्या हाताने हातोडी मारताना असे होतच असते, आणि केंद्रावरील बहुतेकांच्या बोटांना अशाच चिंध्या असतात, एवढे त्यांनी सहज सांगितले, आणि पुन्हा लिंबाची गोष्ट सुरू केली.

नाताळास दहा दिवस उरले होते. गावात एकाही घरी नव्या कापडाची वार्ता नव्हती. मुले उघडीवाघडी उपासनेस यावयाची कशी, अशी कुजबुज बायकांत चालली होती, आणि काही कुटुंबांनी तर ह्या वर्षी उपासनेस यावयाचेच नाही असे ठरविले होते. हे अण्णांच्या कानी गेले. त्यांनी मशीनवरचे धोतर काढिले आणि वस्तीत निरोप धाडिला, की ज्यांच्या घरी मुलांचे जुने कपडे असतील त्यांनी ते धुऊन आणून द्यावेत. शिलाई नको. मात्र घरात रॉकेल नाही, तेव्हा कंदिलापुरते थोडे थोडे ज्याने त्याने आणावे.

त्या रात्रीपासून आमच्या ओटीवर पुन्हा उजेड दिसू लागला. लोक औषधाच्या लहान बाटल्यांतून रॉकेल आणीत आणि विटलेले सदरे ठेवून जात. दिवसभर खडी फोडून आल्यावर अण्णा हातपाय धूत, मिलोची भाकरी खात, आणि मशीनवर बसत. आई व मी ब्लेडने शिवणी उसवीत असू. अण्णा कापड उलटवून टीप मारीत. चौकडीचे कापड दोन्ही बाजूंनी सारखे असल्यामुळे ते उलटविणे सोपे. परंतु छिटाची आतली बाजू फिकी असते, म्हणून मुलींच्या झग्यांना ही युक्ती चालत नसे. त्यांसाठी आईने आपले एक जुने लुगडे पेटीतून काढून दिले, व त्याच्या काठांनी सात मुलींच्या झग्यांना गळे व बाह्या मिळाल्या. चिंध्या बांधलेल्या बोटांत सुई नीट धरवत नसे, म्हणून अण्णांनी त्या सोडून ठेविल्या होत्या. बोटांची कातडी इतकी खरखरीत झाली होती, की दोरा तिला अडकून तुटे. तेव्हा ते कंदिलाच्या काचेवर हात शेकीत, बोटांना किंचित गोडे तेल चोळीत, ते कापडास लागू नये म्हणून फडक्याला नीट पुशीत, आणि पुन्हा दोरा ओवीत. ह्या दहा रात्रींत त्यांनी किती कपडे शिवले हे मोजण्याचे भान कोणास होते?

चोवीस तारखेच्या रात्री शेवटचे गाठोडे गेले. पहाटे उठून पाहिले, तो खुंटीवर आम्हा भावंडांचे कपडे होते. तेही जुनेच, परंतु उलटविलेले, इस्त्री केलेले.

त्या दिवशीची उपासना मी कधी विसरणार नाही. देऊळ माणसांनी भरून गेले होते. टाळ व ढोलकी वाजत होती. तेवढ्यात पुढच्या रांगेतील एक लहान मुलगा मोठ्याने म्हणाला, "आई, सगळ्यांचे खिसे उजवीकडे!" सर्वांनी आपापल्या मुलांकडे पाहिले. खरोखरच तसे होते. सदऱ्याचा जुना खिसा उसविल्यावर तेथे टाक्यांची भोके राहतात. ती झाकावयाची म्हणजे खिसा पुन्हा त्याच जागी बसवावा लागतो, आणि कापड उलटविल्यामुळे ती जागा उजवीकडे आलेली असते. क्षणभर शांतता पसरली, आणि मग आधी स्त्रिया, मागून पुरुष, आणि शेवटी उपदेशक साहेबही हसू लागले. त्या वर्षात आमच्या वस्तीत मोकळ्या हसण्याचा आवाज मी प्रथमच ऐकत होते. अण्णा मागच्या भिंतीला टेकून, काळा कोट घालून उभे होते. बसले असते तर झोप लागली असती, असे त्यांनी मागाहून आईस सांगितले.

पुढील वर्षी पाऊस आला, ओटीवर कापड येऊ लागले, आणि अण्णांचे खडी फोडणे संपले. परंतु बोटांची ती नजाकत काही पूर्णपणे परत आली नाही. बारीक काजे ते त्यानंतर आईकडून करून घेत. सायकलची हकीकत मला १९८० साली, मी महाविद्यालयात असताना, आईकडून कळली. दुष्काळाच्या त्या दिवाळीनंतर माझ्या फीसाठी त्यांनी ती विकली होती, आणि तेव्हापासून आठ किलोमीटर जाणे व आठ किलोमीटर येणे ते रोज पायी करीत होते. अण्णांनी स्वतः हे आम्हांस शेवटपर्यंत सांगितले नाही.

१९८४ साली मी शिक्षिका झाले. पहिल्या पगारातून कोटाचे उत्तम कापड घेऊन मी घरी गेले. ते दुसऱ्या शिंप्याकडे देण्यास अण्णा तयार होईनात, तेव्हा त्यांनी स्वतःच कोट बेतला व शिवला. तयार झालेला कोट पाहते, तो कापड कोरे करकरीत असूनही खिसा उजवीकडे! मी विचारिले, तर म्हणाले, "आता सवय झाली. डावीकडे ठेवला तर पेन सापडणार नाही." तो कोट त्यांनी पंधरा नाताळ वापरला. त्यानंतर ते प्रभूघरी गेले.

विद्यार्थी मित्रांनो, ही कथा मी सांगितली ती माझे वडील कोणी विलक्षण पुरुष होते म्हणून नव्हे. तुमच्या घरीही असाच कोणी असेल. कोणाचे वडील रात्रपाळीस जात असतील, कोणाचे दिवसभर रिक्षा चालवीत असतील, कोणाचे परगावी राहून दरमहा पैसे पाठवीत असतील. कोणाच्या घरी वडिलांचे छत्र नसून ते सारे ओझे आईने अथवा आजोबांनी उचललेले असेल. नाताळची भेट उघडण्यापूर्वी ती देणाऱ्याच्या हातांकडे एकवार पाहा. त्या हातांवर काय लिहिले आहे, हे वाचावयास कोणत्याही पुस्तकाची गरज लागत नाही.

आणि पालकहो, आपणांसही एक विनंती आहे. स्वतःचे कष्ट मुलांना स्वतः ऐकविले, तर त्यांचा उपकार होतो व तो मुलांच्या मनावर ओझे होऊन बसतो. परंतु तेच दुसऱ्याने सांगितले, तर त्याची गोष्ट होते व ती मुलांस जन्मभर पुरते. आईने सांगितली नसती, तर सायकलची गोष्ट मला कधीच कळली नसती. म्हणून मातांनी पित्याचे, आणि पित्यांनी मातेचे कष्ट मुलांस सांगावेत. योसेफाने आपल्या प्रवासाविषयी एक अक्षरही लिहून ठेविले नाही. ते काम मत्तय व लूक ह्यांनी केले, म्हणूनच आज शाळेच्या रंगमंचावर, कोणी भाषण दिले नसतानाही, काठी धरून उभ्या राहिलेल्या त्या मुलाला आपण ओळखतो.